पिकअपचा पिवळा दिवा: उडवला की दहा दिवसांत परत हजर

मालवाहू, सोमवार २२:१२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय. डबल कॅब डिझेल पिकअप आहे. कॉमन रेल इंजिन, टर्बो, ईजीआर (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सगळं आहे, युरियाची टाकी तेवढी नाही. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. चार महिन्यांपासून चेक इंजिनचा पिवळा दिवा पाठ सोडत नाही.

पहिल्यांदा लागला तेव्हा गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड निघाला पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही. व्हॉल्व्ह काढला, आत डांबरासारखा काळा थर. साफ केला, कोड उडवला, दिवा गेला. नवव्या दिवशी परत! मग अख्खा व्हॉल्व्हच नवीन टाकला. तेरा दिवस सुखात गेले आणि पुन्हा तोच कोड. तिसऱ्या खेपेला "नवीन पार्ट आहे, बसायला वेळ लागतो" म्हणून नुसताच कोड उडवून दिला. आता शनिवारपासून पी०४०१ च्या जोडीला पी२४६३ पण आलाय आणि गाडी चढाला मरते. पिकअपलाच पिकअप राहिलेला नाही.

गॅरेजवाले म्हणतात ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, बदलावा लागेल. बदलू का? माझ्या फेऱ्या जवळच्या असतात, एका वेळी सहा-सात किलोमीटर, दिवसातून चार-पाचदा. महिन्यातून एखादी लांबची. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काळी_पट्टी, सोमवार २२:२०

दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. माझी तीन वर्षं उत्तम टिकली. त्यानंतर इंजिन बसलं, पण दिव्याचा त्रास म्हणाल तर शून्य.

मागचा_बाक, सोमवार २२:२४

प्रकाश तर डॅशबोर्डवर पडलाच आहे की, आणखी कशाला?

नटबोल्ट, सोमवार २३:०५

ईसीयूला हात लावू देऊ नका. ज्याला दुखणं सापडत नाही तो शेवटी ईसीयूपाशी जाऊन थांबतो. कोड ही तक्रार असते, निकाल नव्हे. पी०४०१ म्हणजे "ईजीआर व्हॉल्व्ह खराब" असं कुठेही लिहिलेलं नाही. जेवढा वायू फिरायला हवा तेवढा फिरताना दिसत नाही, एवढंच तो सांगतो. का फिरत नाही हे शोधायचं काम आपलं.

आता हा नऊ दिवस, तेरा दिवसांचा खेळ काय आहे ते सांगतो, कारण त्यातच लोक फसतात. दिवा पहिल्या चुकीला लागत नाही. असल्या बहुतेक कोडना दोन फेऱ्यांचा नियम असतो. पहिल्या फेरीत चाचणी नापास झाली की कोड मनातल्या मनात नोंदला जातो, त्याला पेंडिंग म्हणतात. पुढची चाचणीही नापास झाली की मग दिवा. त्यात ही चाचणी रोज होतेच असं नाही. इंजिन पुरेसं तापलेलं हवं, वेग स्थिर हवा, भार ठरावीक हवा. सहा किलोमीटरच्या फेरीत हे सगळं जुळून यायलाच आठवडा जातो. म्हणजे तुमची गाडी त्या नऊ दिवसांत बरी झालेली नव्हती, तिची परीक्षाच झालेली नव्हती.

मला सांगा, कोड उडवण्याआधी कोणी फ्रीझ फ्रेम पाहिली का?

मालवाहू, सोमवार २३:११

फ्रीझ फ्रेम म्हणजे? आमच्याकडे स्कॅनर लावला, कोड वाचला, बटण दाबलं, झालं.

नटबोल्ट, सोमवार २३:१९

झालं म्हणजे पंचनाम्याआधीच घर धुऊन काढलं.

कोड नोंदला जातो त्या क्षणी इंजिनाची काय अवस्था होती याची नोंद ईसीयू ठेवतो. आरपीएम, वेग, भार, कूलंटचं तापमान वगैरे. कोड उडवला की ती नोंदही जाते. गेलेली गेली. आता आलेले दोन्ही कोड मात्र कोणालाही उडवू देऊ नका.

उंटावरचा_शहाणा, मंगळवार ०७:४०

एवढा खटाटोप कशाला? ईजीआरला पत्र्याची पट्टी ठोकून तोंड बंद करा, डीपीएफ आतून पोकळ करा आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बंद करून घ्या. माझ्या गाडीचं केलंय. पिकअप मस्त, ॲव्हरेज वाढलं, दिवा कायमचा गेला.

रातराणी, मंगळवार ०८:०२

आणि तुमच्या मागे दुचाकीवर जो असेल तो तुमचा मस्त पिकअप नाकाने ओढणार. बऱ्याच देशांत हे बेकायदा आहे हे एक. दुसरं म्हणजे ईजीआर उगाच बसवलेला नसतो. थोडा जळका वायू परत आत सोडला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात.

उंटावरचा_शहाणा, मंगळवार ०८:१५

पुस्तकी ज्ञान.

सुकाणू, मंगळवार ०८:३१

पुस्तकी नाही हो शहाणे. आमच्या शेजारच्यांनी नुसती पट्टी ठोकली, सॉफ्टवेअर तसंच ठेवलं. मग काय झालं असेल? पी०४०१. अहो वायू जात नाही म्हणून कोड येतोय आणि उपाय काय, तर वायूची वाटच बुजवा! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

चढणवाट, मंगळवार ०९:५०

पार्ट बदलण्यावरून माझी कथा. चढावर दिवा लागायचा, कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. सपाटीला काही नाही. टर्बो बदलला. दिवा परत. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंटरकूलरच्या रबरी होजवर साबणाचं पाणी मारलं आणि मला ॲक्सिलरेटर दाबायला लावला. होजच्या खालच्या अंगाला चीर होती. दाब आला की ती ओठासारखी उघडायची, गाडी बंद केली की मिटायची. वरून शंभर वेळा पाहिलं असतं तरी दिसली नसती. बाजूला तेलाचा ओला डाग होता, त्याकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. जुना टर्बो अजून कपाटात आहे, धडधाकट.

मालवाहू, तुम्हीही होज तपासून घ्या. चढाला मरते म्हणालात म्हणून.

नवखा_चालक, मंगळवार १०:१०

इंधनाच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का बघा. सैल असलं तर दिवा लागतो. मी खूप ठिकाणी वाचलंय.

नटबोल्ट, मंगळवार १०:२२

ते पेट्रोलचं. पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून तिथे टाकी बंदिस्त ठेवून गळती तपासतात. डिझेल तसं उडत नाही, त्यामुळे ती यंत्रणाच डिझेल गाडीत नसते. झाकण घट्ट लावा, पण दिव्यासाठी नको.

चढणवाट, होजचा मुद्दा बरोबर, पण मग पी०२९९ यायला हवा होता. इथे पी२४६३ आहे, म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साठलीय. फिल्टर चोंदला की धूर बाहेर पडायला जागा नाही, म्हणून गाडी मरते. शिवाय बऱ्याच गाड्यांत अशा वेळी ईसीयू मुद्दाम ताकद कमी करतो.

वायरमन, मंगळवार १३:४५

ईसीयूचा विषय निघालाय म्हणून थोडं. आमच्या ट्रकचा दिवा फक्त पावसात लागायचा. दर वेळी वेगळा कोड. दोन ठिकाणी ईसीयू गेला म्हणून सांगितलं. निघालं काय, तर वायरिंगचा जुडगा एका ब्रॅकेटच्या धारेवर घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. इन्सुलेशन टेप आणि नवी क्लिप, एवढ्यावर भागलं.

ईसीयूवर आळ घेण्याआधी इतकं तरी करा: बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या अंगाला मल्टिमीटर लावा आणि सेल्फ मारा. आकडा जेमतेम असायला हवा, दोन दशांश व्होल्टच्या आसपास. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब. मग सेन्सर काहीही बरळतात आणि बोलणी मात्र ईसीयू खातो. कपलर एकेक काढून आत हिरवट बुरशी आहे का बघा. इंजिन चालू ठेवून जुडगा हलवा, हलवताना इंजिन अडखळलं तर जागा सापडली.

आणि उंदीर. उंदरांना विसरू नका.

मागचा_बाक, मंगळवार १३:५२

उंदरांचा कोड किती?

वायरमन, मंगळवार १३:५८

यू०१००. ईसीयूशी संपर्क तुटला. (आमच्याकडे खरंच आला होता. कुरतडलेली वायर हातात आली.)

झाकली_मूठ, मंगळवार १७:३०

जरा अवांतर: माझी पेट्रोल गाडी आहे, तिचा हाच दिवा कधी कधी लुकलुकतो आणि गाडी थरथरते. वेगळा धागा काढू का?

रातराणी, मंगळवार १७:३६

आधी गाडी बाजूला घ्या, मग धागा काढा! पेट्रोलमध्ये दिवा लुकलुकतोय म्हणजे मिसफायर. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. तशीच दामटू नका. प्लग आणि कॉइलपासून सुरुवात करा.

मालवाहू, गुरुवार २१:०५

नटबोल्टकाकांचं ऐकलं. कोड उडवू दिले नाहीत. एक स्वस्त ब्लूटूथ ॲडाप्टर आणला, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात बसवला, मोबाइलवर ॲप घेतलं. पहिला ॲडाप्टर जोडलाच जाईना, दुसरा चालला. फ्रीझ फ्रेम मिळाली, पण एकाच कोडची, पी२४६३ ची. पी०४०१ ची दिसत नाही.

आरपीएम १८४०
वेग ५६
भार ४१ टक्के
कूलंट ६१ अंश
इंजिन सुरू होऊन २७ मिनिटं

यातून काही कळतं का? मला तर सगळं नॉर्मल वाटतंय. वायरमनजी, अर्थिंग तपासलं, ०.१ व्होल्ट. कपलर स्वच्छ.

सहावा_गिअर, गुरुवार २१:४०

साधी ॲप बहुतेक वेळा एकच फ्रेम दाखवतात. ज्या कोडने दिवा लावला त्याची. बाकीच्या कंपनीच्या स्कॅनरवर दिसतात.

माझं मत एमएएफ सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा. ईजीआरमधून किती वायू गेला हे थेट मोजणारं काही बऱ्याच डिझेल गाड्यांत नसतंच. ईसीयू उलटा हिशोब करतो. ईजीआर उघडला की तेवढी ताजी हवा कमी आत यायला हवी, म्हणजे एमएएफचा आकडा उतरायला हवा. उतरला नाही तर ईसीयू म्हणतो वायू फिरला नाही. आता एमएएफच मळलेला असेल तर? तीन व्हॉल्व्ह बदला, कोड तोच. खास एमएएफसाठीचा स्प्रे मारा, ब्रश किंवा बोट लावू नका, तार नाजूक असते.

शंकेखोर, गुरुवार २२:०८

सहावा_गिअर यांचं तर्कशास्त्र पटलं, पण एक शंका. एमएएफ बिघडला तर पी०१०१ सारखा त्याचा स्वतःचा कोडही यायला हवा ना? आणि डीपीएफ का भरावा?

रातराणी, गुरुवार २२:३३

थांबा, थांबा. सगळे भार आणि आरपीएम बघताय. कूलंट बघा. गाडी सत्तावीस मिनिटं चालली आहे, छप्पनचा वेग आहे आणि कूलंट ६१? तोपर्यंत ते ऐंशीच्या पुढे जाऊन स्थिर व्हायला हवं. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, त्याआधी रेडिएटरची वाट बंद असते. तुमचा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन तापतच नाहीये.

मालवाहू, गुरुवार २२:४१

पण काटा तर बरोबर मध्यावर असतो! मी रोज बघतो.

नटबोल्ट, गुरुवार २२:५५

रातराणी, दंडवत घ्या. माझ्या नजरेतून निसटलं होतं.

मालवाहू, त्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. तापमानाच्या एका मोठ्या पट्ट्यात तो मध्यावरच बसून राहतो, नाहीतर लोक जरा काटा हलला की गॅरेज गाठतात. खरा आकडा सॉकेटवर.

आता साखळी जुळवा. डीपीएफमधली काजळी जाळायची तर फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. त्यासाठी ईसीयू जादा डिझेल फवारतो, यालाच रिजनरेशन म्हणतात. पण हे सुरू करायला तो अटी घालतो. कूलंट ठरावीक तापमानाच्या वर हवं, टाकीत पुरेसं डिझेल हवं वगैरे. कूलंट ६१ वर रेंगाळलं तर रिजनरेशन सुरूच होत नाही. काजळी साठत जाते. वर थंड इंजिनात ज्वलन अर्धवट, म्हणजे काजळी अजून जास्त. ती आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ मिळून ईजीआरच्या वाटेत तुम्ही पाहिलेलं ते डांबर होतं.

शंकेखोर, गुरुवार २३:१५

दोन शंका. एक, ईजीआरची चाचणी इंजिन तापल्याशिवाय होत नाही असं तुम्हीच वर म्हणालात. मग ६१ अंशांवर पी०४०१ आला कसा? दोन, थर्मोस्टॅट अडकला तर त्याचा स्वतःचा कोड असतो, पी०१२८. तो का नाही आला?

नटबोल्ट, शुक्रवार ०७:१०

शंकेखोर, तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक गॅरेजात असायला हवा.

पहिलं: ६१ ची फ्रेम पी२४६३ ची आहे. पी०४०१ ची आपल्याला मिळालेलीच नाही. माझा अंदाज, तो लांबच्या फेरीत, भार असताना आणि कूलंट थोडं वर चढलेलं असताना आला असावा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पी०१२८ च्या चाचणीलाही अटी आणि दोन फेऱ्या लागतात. छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण होत नाही. आणि दर वेळी कोड उडवला की सगळ्या चाचण्यांची पाटी कोरी होते, पेंडिंग कोडसकट. तीन वेळा उडवलात, बहुधा तीनही वेळा तो अर्ध्या वाटेवर असताना पुसला गेला. सांगायला आलेल्या साक्षीदाराला तुम्हीच दारातून परत पाठवत होता.

सहावा_गिअर, शुक्रवार ०९:२०

किंवा कूलंटचा सेन्सरच खोटं बोलत असेल. तेही तपासा. सकाळी रात्रभर उभ्या गाडीची नुसती चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं, कारण दोन्ही एकाच हवेत रात्रभर निवलेत. दहा-पंधरा अंशांचा फरक असला तर सेन्सर संशयित. उणे ४० दाखवत असला तर वायरच तुटलीय.

त्याच वेळी डीपीएफच्या दाबफरकाचा (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) आकडाही बघून घ्या. इंजिन बंद असताना शून्याच्या आसपास हवा. नसला तर फिल्टर भरलाय हा निष्कर्षही संशयास्पद. त्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्या उष्णतेने तडकतात किंवा आत काजळी बसते.

मालवाहू, शनिवार ०८:१५

सकाळी केलं. कूलंट २३, आतली हवा २२. दाबफरक ०. सेन्सर खरं बोलतायत.

चढणवाट, शनिवार ०८:४०

आता होजची परीक्षा. गाडी थंड असताना सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा (पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब!). थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. उघडा अडकला असेल तर पहिल्या मिनिटापासून कोमट कोमट व्हायला लागतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट आत येणाऱ्या बाजूला, खालच्या होजपाशी असतो. तसं असेल तर खालचा धरा. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर वर्षी कोणीतरी भाजतो.

मालवाहू, शनिवार ०९:२०

पहिल्या दोन मिनिटांतच कोमट. आणि आत्ता बसल्या बसल्या आठवलं. थंडीत केबिनमधला हीटर नीट गरम होत नाही अशी बायकोची तक्रार गेल्या वर्षीपासून आहे. मी म्हणायचो, जाड स्वेटर घाल.

रातराणी, शनिवार ०९:२६

बायकोकडे स्कॅनर नव्हता, तरी निदान बरोबर.

काळी_पट्टी, शनिवार ०९:३१

बायकोवर चिकटपट्टी चालत नाही, अनुभव आहे.

नटबोल्ट, शनिवार १०:००

घाई करू नका, दोन-तीन दिवस अशीच गाडी चालवा. त्यात एखादी लांबची फेरी असू द्या, पण जास्त माल भरून चढ नको. पी०१२८ पेंडिंगमध्ये येतो का बघू. आणि ऑइलची पट्टी काढून पातळी बघा.

मालवाहू, मंगळवार २०:५०

आला! पी०१२८, पेंडिंग. काल चाळीस किलोमीटरची सलग फेरी झाली त्यात.

ऑइल पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर आहे, बोटभर. मी भर घातलेली नाही. उलट मला बरं वाटत होतं की गाडी ऑइल खात नाही.

सुकाणू, मंगळवार २१:०५

अक्षय्यपात्र!

नटबोल्ट, मंगळवार २१:३०

हसू नका, हे धोक्याचं आहे. अधूनमधून रिजनरेशन सुरू होऊन मध्येच तुटत असणार. त्या वेळी फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगची वाट लागते. पातळी फार चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून त्यावर धावायला लागतं. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, हवेची वाट बंद करावी लागते. मी एकदा पाहिलंय, आवाज अजून कानात आहे.

काम असं करा. आधी थर्मोस्टॅट, नवीन कूलंट, आणि भरताना हवा नीट काढायची. मग ईजीआर कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डची तोंडं उघडून साफ करा. व्हॉल्व्ह नवा आहे, पण त्याच्या पुढची वाट जुनीच चोंदलेली असणार, म्हणून तो बदलूनही फरक पडला नाही. त्यानंतर स्कॅनरवरून सक्तीचं रिजनरेशन, मोकळ्या जागेत, वाळलेल्या गवतावर गाडी उभी न करता. डीपीएफ अगदी गच्च भरला असेल तर ईसीयू रिजनरेशन नाकारेल, मग फिल्टर काढून धुवावा लागतो. सगळ्यात शेवटी ऑइल आणि फिल्टर. आधी बदललं तर त्यात परत डिझेल उतरेल.

ऑइल घेताना कमी राखेचं, डीपीएफ गाड्यांसाठीचंच घ्या. काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

उंटावरचा_शहाणा, मंगळवार २१:४४

किंवा पट्टी.

सगळेच, मंगळवार २१:४५

नको!!

(हा सदस्य आत्ताच तयार झालेला दिसतो. - मागचा_बाक)

मालवाहू, पुढचा रविवार १९:३०

अहवाल. थर्मोस्टॅट काढला. त्यावर ८२ कोरलेलं आहे. थंड असताना उजेडासमोर धरला तर चक्क फट दिसते, तबकडी तिरकी अडकलीय. खात्रीसाठी नवा तापत्या पाण्यात टांगून पाहिला, ऐंशीच्या पुढे जाऊन हळूच उघडला. फार छान वाटलं बघायला.

मॅनिफोल्डमध्ये जिथे ईजीआरचा वायू येऊन मिळतो तिथे भोक जेमतेम करंगळीएवढं उरलं होतं. गॅरेजवाल्या मुलाने स्वतःच स्कॅनरवरून ईजीआर उघड-मीट करून दाखवला. साफ करण्याआधी एमएएफचा आकडा हलत नव्हता, नंतर लगेच उतरायला लागला. सहावा_गिअर, तुमची एमएएफची शंका खोटी ठरली, पण तुमच्या त्या उलट्या हिशोबाने आम्हाला नेमकं काय बघायचं ते कळलं.

रिजनरेशन पंचवीस-तीस मिनिटं चाललं. मग ऑइल बदललं. कूलंट आता ८६-८७ वर स्थिर. कोड उडवू का विचारलं तर मीच नको म्हटलं. काका, बरोबर ना?

नटबोल्ट, रविवार १९:५२

बरोबर. दुरुस्तीनंतर उडवला तर पाप नाही, पण आपण होऊन गेलेला दिवा जास्त विश्वासाचा. लागोपाठ तीन फेऱ्यांत चाचणी पास झाली की दिवा विझतो. कोड आठवणीत राहतो, तोही इंजिन चाळीसेक वेळा गार होऊन पुरेसं तापलं की आपोआप पुसला जातो. आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्धा तास सलग मोकळ्या रस्त्यावर न्या. नुसत्या छोट्या फेऱ्या डीपीएफला मानवत नाहीत, थर्मोस्टॅट कितीही नवा असला तरी.

शंकेखोर, रविवार २०:१५

आणि ईसीयू?

मालवाहू, रविवार २०:२१

ईसीयू जागेवर आहे, बिचारा. गॅरेजवाल्याने विषय काढला नाही, मीही काढला नाही.

मालवाहू, सहा आठवड्यांनंतर

दिवा पाचव्या दिवशी संध्याकाळी विझला. मी गाडी थांबवून खात्री केली, बल्ब तर गेला नाही ना. (चावी ऑन केल्यावर क्षणभर लागतो, म्हणजे शाबूत आहे.) काल स्कॅन केलं, एकही कोड नाही, पेंडिंगही नाही. ऑइलची पातळी जागच्या जागी. ॲव्हरेजही बरंच सुधारलंय. हीटर इतका तापतो की आता खिडकी उघड अशी तक्रार आहे.

झाकली_मूठ, सहा आठवड्यांनंतर

अभिनंदन! माझी एक कॉइल गेली होती. धागा काढायचा राहिलाच.

चाकोरी, चार महिन्यांनंतर

धागा वर काढतोय. नवीन सदस्य आहे. माझ्या डिझेल पिकअपलाही हाच दिवा लागतोय, महिन्यातून दोनदा. पूर्ण धागा वाचला, फार माहितीपूर्ण. कालच गॅरेजमध्ये जाऊन कोड उडवून घेतलाय. आता पुढे काय करू?

रातराणी, चार महिन्यांनंतर

नटबोल्टकाका, तुम्ही बोलता की मी बोलू?

नटबोल्ट, चार महिन्यांनंतर

कोड कोणता होता ते कागदावर तरी लिहून घेतलंत का?

चाकोरी, चार महिन्यांनंतर

नाही.

काळी_पट्टी, चार महिन्यांनंतर

माझ्याकडे अर्धं रीळ शिल्लक आहे.